दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी काचेचा एक उंच, अरुंद पेला. म्हातारा झालो, काठाचा टवका उडाला, पण माझा राग काही उतरलेला नाही.

कारखान्यात वाटलं होतं, कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर जाईन. पोहोचलो पूर्व स्लोवाकियातल्या एका कचेरीत, मानसतज्ज्ञ हाव्रिलोवाबाईंच्या पेटीत. शाळेत जाण्याआधी मुलांची तिथे चाचणी होई. शिकण्याचे सिद्धांत बाईंना तोंडपाठ होते. मूल बक्षिसाने शिकतं, जाणत्याचा हात धरून शिकतं, वयाच्या पायऱ्या चढत त्याला समज येते. त्या वापरायच्या मात्र एकच, पायऱ्यांचा. दोन बुटक्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं आणि एकातलं माझ्यात ओतायचं. उंच पेल्यात जास्त म्हणणारं मूल खालच्या पायरीवर. "हा पेला कधी चुकत नाही," बाई म्हणायच्या आणि मी फुगायचो.

मग रोमा या तिथे हिणवल्या जाणाऱ्या जमातीच्या वस्तीतली सहा वर्षांची यार्मिला आली, आई गिझेलासोबत.

"आता कशात जास्त?" बाईंनी विचारलं.

"सारखंच. तेच तर पाणी आहे."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "नीट बघ. कशात जास्त?"

मोठ्यांनी पुन्हा विचारलं म्हणजे आपलं चुकलं, असं तिला घरी शिकवलं होतं. "उंच पेल्यात," ती पुटपुटली. बाईंनी तेवढंच लिहिलं.

गिझेला उसळली. "अहो मॅडम, पोर रोज पंपावरून पाणी आणते. तिला पाणी कळत नाही होय?"

"तू मला शिकवू नकोस गं. हिला मंदबुद्धीच्या शाळेत घाल. तिथे बरी रमेल."

बरी रमेल म्हणे! त्या शाळेत यार्मिलाने नऊ वर्षं मणी ओवले आणि फरशा पुसल्या. तिच्या पहिल्या उत्तराचा मी साक्षीदार होतो, पण मला वाचा कुठली? त्या दिवसापासून माझं कौतुक मलाच झोंबतं.

वीस वर्षांनी ती लेकीला घेऊन त्याच खोलीत आली. बाईंचे केस पिकले होते, प्रश्न तोच होता.

"सारखंच," पोरगी म्हणाली.

"नीट बघ..."

यार्मिलाने माझ्या तोंडावर तळहात ठेवला. "एकदा विचारलंत, तिने सांगितलं. आता लिहा. आणि काय लिहिताय ते मला वाचता येतं हं. नवऱ्याने शिकवलं, तुमच्या शाळेने नाही."

बाईंनी 'सारखंच' असं लिहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणायला हवं. मला नका जपू, हवं तर फोडा. पण मुलाने बरोबर सांगितलं की तिथेच थांबा. यार्मिलाचं पहिलं उत्तर अजूनही कुठल्याच कागदावर नाही.