डाव्या दाराचं वजन

फारूख डेंटरनं बंपरचा शेवटचा बोल्ट काढला आणि बंपर हातात न धरता सरळ खाली सोडून दिला. असा काही आवाज झाला की पडेगावच्या त्या रांगेतले पंक्चरवाले, बॅटरीवाले माना काढून बघायला लागले.

"घे," तो तन्वीरला म्हणाला. "तुझा पहिला मुर्दा."

"मुर्द्याचं वजन तरी करा, चाचा," तन्वीर म्हणाला आणि झेबाकडं बघून त्यानं भुवई उडवली. "लिही गं."

झेबा वही उघडून उभीच होती. फारूखची धाकटी, दहावीतली. या दोघांच्या भांडणात आपल्याला का उभं केलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. अब्बाचा तन्वीरभाईवर भरवसा नाही, तन्वीरभाईचा अब्बावर नाही, मग लिहिणार कोण? झेबा. तिचं अक्षर सुंदर आणि गणितात तिचा वर्गात पहिला नंबर.

तन्वीर म्हणजे फारूखच्या भावाचा मुलगा. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तो याच दुकानात पत्रा ठोकायला शिकत होता. मग एके दिवशी त्यानं एका जीपच्या मडगार्डात पुट्टी भरली. म्हणजे खळगा ठोकून वर आणायचा सोडून त्यात लगदा थापला, घासून गुळगुळीत केला आणि वरून रंग मारला. फारूखनं मडगार्डावर बोट वाजवलं, आवाज ऐकला आणि भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर तन्वीरच्या कानाखाली लगावली. त्याच दिवशी तो गेला. चितेगावला शेड घेऊन फायबरच्या कामात पडला. आता साच्यातून बॉनेट काय, दारं काय, धडाधड काढायचा, आणि चाचासमोर आला की ती एका हातानं उचलून दाखवायचा. मुद्दाम एका हातानं.

त्या दोघांना पुन्हा एका छपराखाली आणलं ते गुलमंडीच्या अतुलशेठच्या फियाटनं. चौऱ्याहत्तरची गाडी. अतुलशेठचं कापडाचं दुकान, पण जीव सगळा गाडीत. म्हैसमाळच्या घाटात जुन्या गाड्यांची चढाईची शर्यत भरवायचं काही हौशी लोकांनी ठरवलं होतं, आणि इंजिन बदलायचं नाही असा नियम होता. मग राहिलं काय? वजन. मूळचं जडशीळ सामान काढायचं आणि जागेवर हलकं बसवायचं. फायबर तन्वीरचं. पण गाडीला हात लावणार फारूखच, असं अतुलशेठनं ठणकावून सांगितलं होतं, कारण सोळा वर्षांपूर्वी एका ट्रकनं ही गाडी चेपली तेव्हा तिचा पत्रा न पत्रा फारूखनंच ठोकून उभा केला होता.

म्हणजे फारूखला स्वतःचंच काम स्वतःच्या हातानं सोलून काढायचं होतं. तो कसा वागत असेल, विचारूच नका. चहाच्या टपरीवर तन्वीर म्हणाला की लोखंडाचा जमाना गेला. त्यावर फारूखनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि दहा माणसांच्या देखत सांगितलं, "तुझं फायबर म्हंजे आतून बाहेरून खोटं. माझ्या एका पत्र्यात चमचाभर पुट्टी दाखव. त्या दिवशी हातोडी खाली ठेवीन."

"ठेवाल?"

"ठेवीन बोललो ना."

झेबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कारण हेच तर तिनं ऑगस्टमध्ये शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत म्हटलं होतं! आठवीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज फुटायचा नाही, ती झेबा माइकसमोर उभी राहून म्हणाली होती, "आमच्या दुकानात खोट्याला आणि पुट्टीला मनाई आहे." सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. पहिला नंबर आला. तेव्हापासून ती वर्गात मागच्या बाकावर बसलीच नाही.

मागची सीट निघाली. स्टेपनी, बॉनेट, डिकीचं झाकण निघालं. दुकानाच्या लोखंडी अँगलला लटकता काटा बांधला होता. फारूख सामान खोलून आकड्याला अडकवायचा आणि पाठ फिरवायचा, झेबा काटा वाचायची आणि लिहायची. तिसऱ्या दिवशी दारांची पाळी आली. पुढचं उजवं दार सोळा किलो भरलं. मागची दोन्ही चौदा-चौदा. मग पुढचं डावं लटकवलं.

सव्वीस.

झेबाला वाटलं, काटा अडकला. तिनं दार हलवून पाहिलं. सव्वीसच. तेच माप, तेच बिजागर, तीच काच. तिनं उजव्या दारावर बोट वाजवलं. ठण्ण. डाव्यावर वाजवलं. थप. जसं भिजल्या गोणीवर वाजवावं. टेबलाच्या खणात लोहचुंबक पडलेलं होतं, ते आणून तिनं दारावर ठेवलं, तर ते चिकटलं नाही. घसरलं आणि तिच्या पायावर पडलं.

अब्बा पाठमोरा बसून पाने-पकडी पुसत होता.

तन्वीर संध्याकाळी यायचा होता. सव्वीस लिहिलं की तन्वीरभाई विचारणार, सव्वीस कसे? मग तो बोट वाजवणार. मग टपरीवरची ती दहा माणसं. मग अब्बाची हातोडी. तिनं वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: पुढचं डावं दार, सोळा किलो. पहिल्यांदाच ती आकड्यांशी खोटं बोलली, आणि आकडा अगदी सरळ आला.

जेवणाआधी फारूखनं वही मागून घेतली. पान वाचलं. बराच वेळ वाचलं. मग वही मिटून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "अक्षर चांगलं ए तुझं." अब्बा कधी कुणाचं कौतुक करत नाही, त्यामुळं झेबा रात्रभर त्यावरच खूश होती.

रविवारी गाडी तयार झाली. तन्वीरची फायबरची दारं बसली, हलकी खुर्ची बसली, आणि सगळे चितेगावच्या वजनकाट्यावर पोचले. गाडी पहिल्या दिवशी इथंच नऊशे भरली होती. मागं तन्वीरचा छोटा टेम्पो, त्यात मूळचं काढलेलं सामान; अतुलशेठला ते वखारीत जपून ठेवायचं होतं.

झेबानं वही वाचून दाखवली. काढलं एकशे एकोणचाळीस. बसवलं एकोणपन्नास. म्हणजे नव्वद कमी, गाडी आठशे दहा भरायला हवी.

काट्याच्या खिडकीत लाल आकडे आले. आठशे.

अतुलशेठ टाळी वाजवून हसला; दहा किलो फुकटात सुटले म्हणाला. पण तन्वीर हसला नाही. त्यानं गाडी उतरवून पुन्हा चढवायला लावली. पुन्हा आठशे. काटेवाल्याला विचारलं तर तो चिडला, आपला काटा पाच किलोलाही चुकत नाही म्हणाला. मग तन्वीर हळूच वळला.

"चाचा, काय काढलं?"

"काय काढलं म्हंजे?"

"दहा किलो कमी भरले. म्हणजे गाडीतून दहा किलोचं काहीतरी जास्त निघालंय, जे वहीत नाय. गाडी तीन दिवस तुमच्या दुकानात होती. जुन्या फियाटचं असली सामान म्हटलं की लोकं डोळे झाकून घेतात. काय विकलं?"

अतुलशेठचं हसू जागच्या जागी वाळलं. तो खाली वाकून गाडीच्या पोटाखाली बघायला लागला. सोळा वर्षांची ओळख, आणि माणूस वाकून बघतोय! झेबाचे कान तापले. पुट्टीपासून वाचवायला गेली आणि बापाला चोर करून बसली.

तिनं अब्बाकडं पाहिलं. तो खवळेल, तन्वीरच्या नरड्याला हात घालेल, असं तिला वाटलं. पण फारूख शांत उभा होता. त्यानं एकदा वहीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"पोरगी आहे," तो अतुलशेठला म्हणाला. "लिहिताना चुकली असंल कुठंतरी. गणितात कच्ची ए ती."

झेबाला सगळं एकदम दिसलं. त्या संध्याकाळी अब्बानं ते पान इतका वेळ का वाचलं, ते. त्याला डाव्या दाराचं वजन पहिल्यापासून ठाऊक होतं. तिनं खोटं लिहिलंय हे त्यानं वाचलं होतं, आणि वही मिटून अक्षराचं कौतुक केलं होतं.

"मी कच्ची नाही," ती म्हणाली.

"झेबा, चुप बैठ."

"सव्वीस होते. डावं दार सव्वीस भरलं, मी सोळा लिहिलं. त्यात पुट्टी आहे."

फारूखचा आवाज अगदी खाली गेला. "क्या बोलरी तू? कुणापुढं बोलरी?"

ती वळली. टेम्पोत चढली, तिथं ठेवलेल्या अब्बाच्या पिशवीतली हातोडी काढली आणि दाराच्या मधोमध हाणली. पत्र्याचा आवाज आलाच नाही. रंगाचा पापुद्रा उडाला आणि आतून पिवळट ढलपी निघाली, भाकरीएवढी मोठी, दोन बोटं जाड. दुसरा घाव घातला तशी अर्धी बाजू खळाखळा खाली आली.

तन्वीर ती ढलपी हातात घेऊन बघत राहिला. त्याचा हात आपोआप कानाकडं गेला.

"मी तर बोटभर भरली होती, चाचा," तो म्हणाला. "बोटभर. अन्‌ तुम्ही मला कुत्र्यासारखं हाकललं."

झेबानं तेवढ्यात त्या दिवसापासून खिशातच राहिलेलं चुंबक बाकीच्या दारांना लावलं. चट्‌, चट्‌, चट्‌, तिन्ही ठिकाणी चिकटलं. "बघा ना, बाकीचं सगळं ठोकलेलं आहे," ती ओरडून सांगत होती, "एकच दार आहे, एकच!" पण अतुलशेठ दुसऱ्या कुणा डेंटरला फोन लावत होता आणि तन्वीरला त्या तीन दारांशी काही घेणंदेणं नव्हतं.

"ठेवा हातोडी," तो म्हणाला. "बोलला होता तुम्ही."

"का भरली अब्बा?" झेबानं विचारलं. "त्याच दारात का?"

फारूखनं तिच्याकडं पाहिलं. त्यानं तिच्या हातातून हातोडी घेतली, काट्याच्या लोखंडी फळीवर ठेवली आणि रस्त्याकडं चालायला लागला. मागं कापसाचा ट्रक येऊन उभा होता, तो हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला. काटेवाला खिडकीतून ओरडला की तमाशा बाजूला घ्या.

"राहू दे ती तिथंच," तन्वीर म्हणाला. "जाऊ दे ट्रकखाली."

"तुला तसलं एक दार ठोकता येतं का?" झेबानं विचारलं. "बाकीच्या तिनांसारखं?"

"मला गरज नाय."

"मग मधे बोलू नको." तिनं हातोडी उचलली आणि पळत सुटली.

पैठण रोडवर शहराकडं जाणारी रिक्षा उभी होती. फारूख पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा टेकून बसला होता. तिला येताना त्यानं पाहिलं. सरकला नाही. झेबा मागं दोन बायकांच्या मधे कोंबून बसली. हातोडीला जागा नव्हती, म्हणून ती मांडीवर घेतली. दांडा अब्बाच्या घामानं काळा आणि गुळगुळीत झालेला होता, तिच्या मुठीत मावत नव्हता.

शेजारची बाई भाजीची पाटी सावरत किती तरी वेळ तिच्याकडं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"ही हातोडी कुनाची गं बाय? कुठं कामाला हायेस व्हय तू?"

झेबानं पुढं पाहिलं. अब्बाची मान ताठ होती.

"व्हय," ती मोठ्यानं म्हणाली, रिक्षाच्या आवाजावरून त्याच्यापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं. "पडेगावला. पत्रा ठोकते. बिनपुट्टीचा."

फारूखनं मान वळवली नाही. घर येईपर्यंत वळवली नाही.