विचाराधीन खोगीर

माझ्या डाव्या गादीच्या कडेला एका इंचात आठ टाके आहेत आणि उजव्या गादीच्या कडेला सहा. कुठूनही मोजा, एवढेच भरतील. ही चूक नाही. पण तो चूक समजला गेला आणि माझी अकरा वर्षं वाया गेली, म्हणून तो आधी सांगितला.

मित्रांनो, खेचरांच्या आणि डोंगरी घोड्यांच्या पाठीवर ओझं बांधायचं मी एक जुनं खोगीर आहे. नंदुरबारच्या अन्वरचाचांनी मला घडवलं. आतला सांगाडा बाभळीचा, वर म्हशीचं कातडं, गाद्यांत लोकर. दोन गाद्यांच्या मध्ये दोन बोटांची मोकळी वाट, कारण पाठीच्या कण्यावर भार पडता कामा नये. आणि डावी गादी अधिक घट्ट भरलेली, म्हणून तिचे टाकेही जवळजवळ. असं का? माणसं ओझं चढवताना आधी डावी बाजू लादतात. उजवी लादेपर्यंत सगळा भार डावीकडे ओढतो. हे चाचांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. घोड्यांच्या पाठी पाहून त्यांना ते कळलं होतं.

मला घडवायला सांगितलं दिग्विजयसाहेबांनी. ते मूळचे सारंगखेड्याचे. लहानपणी ते घोड्यावर बसायला शिकले ते चाचांनीच शिवलेल्या खोगिरावर. पुढे शिकून दिल्लीत मोठे अधिकारी झाले. सैन्यानं काय वापरावं याचं धोरण ज्या टेबलांवर ठरतं, त्यातलं एक टेबल त्यांचं होतं. ते बंदूक चालवत नसत, शेरा लिहीत असत. आणि तो शेरा थेट बर्फातल्या खेचराच्या पाठीपर्यंत पोचत असे.

एकदा जत्रेला आले असताना ते दुकानात डोकावले. म्हणाले, "चाचा, एक नमुना बनाडा. बाकीनं मी देखस." म्हणजे सैन्याकडून मंजुरीचं ते पाहणार होते.

चाचांनी दोन महिने दुसरं काम हाती घेतलं नाही. मी तयार झालो तेव्हा त्यांनी साहेबांच्या कार्यालयाच्या एका कागदावर सही केली. त्यात एक ओळ होती: निर्णय होईपर्यंत हा नमुना इतर कोणासाठी बनवू नये.

दिल्लीत माझी दोनदा तपासणी झाली. पहिल्यांदा मला टेबलावर पालथं घातलं आणि लिहिलं, "दोन्ही गाद्या समान नाहीत." दुसऱ्यांदा एका पशुवैद्यानं मला खेचरावर चढवलं, बारा किलोमीटर चालवलं, आणि लिहिलं, "पाठीवर एकही जखम नाही." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर वाक्य. मला वाटलं, आता साहेब शेरा लिहितील.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. त्यांच्या मदतनिसानं विचारलं, "साहेब, याचं काय करायचं?"

"राहू दे. नाही म्हटलं तर चाचांना वाईट वाटेल. हो म्हटलं तर लोक म्हणतील, गावचा माणूस म्हणून दिलं. विचाराधीन लिही."

मी तिथेच होतो, कपाटावर. मी ते ऐकलं. खोगीर चांगलं की वाईट, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. त्यांना फक्त स्वतःची पाठ वाचवायची होती.

सात वर्षं मी त्या कपाटावर काढली. माझ्यावर फायली रचल्या, उंदरांनी माझी एक कड कुरतडली. मी मात्र मनात एकच गोष्ट जपली. एक दिवस या माणसाला चार लोकांसमोर तोंड उघडायला लावायचं. त्यांना जखम व्हावी असं मला वाटत नव्हतं. फक्त त्यांनी बोलावं, आणि बोलताना त्यांची मान खाली जावी.

मग ते कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेलं आणि अडगळ कमी करायला मला चाचांच्या घरी पाठवलं. सोबत चिठ्ठी: प्रकरण विचाराधीन. त्यालाही आता चार वर्षं झाली.

घरी पोचल्यावर मला कळलं की चाचांनी ती एक ओळ अक्षरशः पाळली होती. कोणी तपासायला येणार नव्हतं, तरीही पाळली होती. तोरणमाळच्या रामसिंगकडे ओझी वाहणारा एक घोडा होता. त्याच्या पाठीवर जखम होती, भरायची आणि पुन्हा उघडायची. रामसिंग दर वर्षी माझ्यासारखं खोगीर मागायला यायचा. चाचा दर वर्षी म्हणायचे, "कागद येऊ दे, भाऊ." आणि दिग्विजयसाहेबांना पत्र लिहायचे. शेवटच्या पत्रात होतं, "तू हा म्हन का ना म्हन, पन काही तरी म्हन."

चाचांच्या मुलीनं, सालेहानं, मला तेल लावलं आणि माझी कुरतडलेली कड शिवली. ती भौतिकशास्त्र शिकवते. रागावली की तिचा आवाज आणखी खाली येतो.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी थोडं वेगळं सांगतो. कोणी आपल्या हातांनी केलेली वस्तू तुमच्यापुढे ठेवली, तर तिला उत्तर द्या. नको असेल तर नको म्हणा. नकार मिळालेली वस्तू निदान दुसऱ्याच्या कामाला मोकळी होते.

यंदा सारंगखेड्याच्या जत्रेत साहेबांचा सत्कार होता. बावीस दिवसांनी ते निवृत्त होणार होते. भरदुपारी, हार घालून झाल्यावर, सालेहानं रामसिंगचा दुसरा, धडधाकट पाठीचा घोडा मंडपासमोर आणला. त्याच्या पाठीवर पांढरं धोतर अंथरलं. बाजारात मिळणाऱ्या, दोन्ही गाद्या समान आणि मध्ये वाट नसलेल्या खोगिराला खालून चुलीची काळी राख फासली, ते चढवलं, डावीकडून सुरुवात करून चाळीस किलो लादलं आणि वीस मिनिटं चालवलं. जिथे भार जास्त, तिथे डाग गडद. कापडावर डावीकडे काळा डाग उठला आणि कण्यावर काळी रेघ. मग नवं कापड, तेवढंच ओझं, तेवढीच वीस मिनिटं, आणि खालून तशीच राख फासलेला मी. या वेळी कापडावर दोन्हीकडे सारखा फिका राखाडी रंग, मध्ये पांढरी वाट.

हे अन्वरचाचांचं जुनंच तंत्र. सालेहानं फक्त मिनिटं आणि किलो मोजले. दोन्ही कापडं तिनं साहेबांच्या पुढ्यात, टेबलावरच्या हारांवरच पसरली.

घोड्यांचे व्यापारी रतिलालभाऊ मागून ओरडले, "साहेब, घोडानी तं उत्तर दिधं! आते तुम्ही द्या!"

लोक हसले. साहेबांनी घाम पुसला. "दिल्लीला गेल्यावर बघतो."

"इथंच बघा," सालेहा म्हणाली. "दिल्लीत फाईल आहे. इथं घोडा आहे."

"सालेहा, अशा गोष्टी जाहीर सभेत..."

"अकरा वर्षं बंद खोलीत ठेवून पाहिल्या, साहेब."

साहेबांनी रामसिंगकडे पाहिलं. तो दोरी धरून उभा होता. मग त्यांनी चाचांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत चाचा पुढे वाकून बसले होते. साहेबांची मान खाली गेली. मला मुळीच दया आली नाही.

"मंजूर," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," सालेहा म्हणाली. "अब्बांना हल्ली कमी ऐकू येतं."

साहेब उठले. गळ्यातला हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"चाचा, तुम्हनं खोगीर मंजूर शे. ते अकरा वरीस पहिलेच मंजूर व्हतं. मीच बोलनू नही."