वाजवी समजूत

“अगं, कुणी सांगितलं होतं तुला इतकं खरं बोलायला?” दादा कोर्टाच्या बाकावर बसल्याबसल्या जवळजवळ ओरडलाच. शिपायाने वळून पाहिलं, तसा त्याने आवाज खाली आणला. “म्हणजे खरं बोलावं. पण काही धरबंध?”

“शपथ घेतली होती, दादा.”

आज निकाल होता. साक्ष कधीच होऊन गेली होती, पण दादाचं पालुपद काही संपत नव्हतं.

तिच्या नोकरीची सारी वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत गेली होती. नमुना खराब असला तर ती अंदाजपंचे आकडा देत नसे; ‘सांगता येत नाही, पुन्हा रक्त घ्या’ म्हणून मोकळी होई. डॉक्टर वैतागत, पेशंट कुरकुरत, ही ढिम्म. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक अधूनमधून तिच्या घरी चहाला येई. एका संध्याकाळी चहा संपला तरी तो उठला नाही. तिच्या अंगचटीला आला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. हातपाय जणू दुसऱ्या कुणाचे झाले. तो जाईपर्यंत ती लाकडासारखी पडून राहिली. कोर्टात त्याचं म्हणणं एवढंच होतं: ती नाही म्हणाली नाही, मला वाटलं तिची तयारी आहे.

उलटतपासणीत त्याच्या वकिलाने साखर पेरल्यासारखं विचारलं होतं, “तुमची इच्छा नव्हती हे माझ्या अशिलाला कळलं होतं, असं तुम्ही खात्रीने सांगू शकता?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तिने विचार केला.

“खात्रीने नाही सांगता येणार. त्याच्या डोक्यात मी शिरले नव्हते. पण मी इतकी ताठरले होते, की त्याने निदान—”

“एवढं पुरे.”

सरकारी वकीलबाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता.

आता त्याच वकीलबाई लगबगीने बाकापाशी आल्या. दादाने त्यांनाच धारेवर धरलं. “मॅडम, हा माणूस दुनियेला चष्मे विकतो, आणि याला समोरची बाई दगड झालेली दिसत नाही?”

“कायदा दोन गोष्टी बघतो हो,” त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “यांची संमती होती का? आणि नसली, तरी ती आहे असं त्याला वाटणं वाजवी होतं का? संमती नव्हती, हे आपण सिद्ध केलं आहे.”

“पण त्याने विचारायचं तरी!” ती म्हणाली. “एका शब्दाचं काम होतं.”

“हेच मी कोर्टाला सांगितलंय. चला, पुकारा झाला.”

न्यायाधीशांनी निकाल सावकाश वाचला. फिर्यादी अत्यंत प्रामाणिक आहे. तिची संमती नव्हती, यावर न्यायालयाचा विश्वास आहे. दादाने तिचा खांदा घट्ट धरला. मात्र आरोपीला ते कळलं होतं, असं ती स्वतःही खात्रीने सांगत नाही. त्याची समजूत अवाजवीच होती, असं निःसंशय म्हणता येत नाही. निर्दोष.

“प्रामाणिक म्हणे!” बाहेर आल्यावर दादा भिंतीशीच बोलला. “घे, फ्रेम करून लाव घरात!”

“साक्षीत मी ‘हो’ म्हटलं असतं तर, मॅडम?”

“अपिलाचं बघू,” वकीलबाई एवढंच म्हणाल्या.

जिन्याच्या तोंडाशी चष्मेवाला समोर आला. सुटल्यामुळे त्याचं मन मोठं झालं होतं.

“मनात काही ठेवू नका. मला खरंच तसं वाटलं होतं,” म्हणत त्याने हात पुढे केला.

ती काही बोलली नाही. हललीही नाही.

त्याचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला, खिशात घातला आणि खाली बघत जिना उतरून गेला.

“मॅडम, पाहिलंत?”

“काय?” वकीलबाई फायली पिशवीत कोंबत होत्या.

“त्याला कळलं.”

वकीलबाईंनी मान वर केली. जिना रिकामा होता.