विहिरीवर काय झालं

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली कर्जतच्या भातगिरणीच्या गोदामात दुपारचा सिनेमा लागला. दारं-खिडक्या गोणपाटांनी झाकून आत अंधार केला होता. पळसदरीची भागूबाई नणंदेला, धाऊला, घेऊन आली. दोघींचा जन्मातला पहिलाच सिनेमा.

सिनेमातली सून कडेवर पोर घेऊन पाण्याला निघाली. एवढ्यात पडदा पांढराफेक झाला. पुन्हा चित्र उमटलं, तर नवरा तिचं प्रेत मांडीवर घेऊन विहिरीपाशी रडत होता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भागूबाईचे डोळे कोरडेच.

"पण विहिरीवर झालं काय गं?"

"जीव दिला तिनं, वैनी. सासूच्या जाचाला कंटाळून," धाऊ हुंदका देत म्हणाली.

"तू बगितलंस?"

खेळ सुटल्यावर भागूबाईनं यंत्र चालवणाऱ्या गजाला गाठलं.

"मधलं रीळ जळालंय, मावशी. मी कामाला लागायच्या आधीच. त्यात काय होतं, मलाही ठाऊक नाही."

"रोज दाखवतोस, आन् कुनाला इचारावं वाटलं नाय?"

गजा ओशाळला. "उद्या या. फुकट बसा."

दुसऱ्या दिवशी भागूबाईनं रडणाऱ्या नवऱ्याकडे बघितलंच नाही. आजूबाजूचं बघितलं. काठावर हंडा भरलेला होता. पोर सासूच्या कडेवर होतं आणि त्याचे केस ओलेचिंब होते.

"जीव द्यायला आलेली बाई हंडा कशाला भरंल?" ती गजाला म्हणाली. "पोर पडलं रं पान्यात. आईनं उडी टाकली, पोर सासूच्या हातात दिलं, आन् आपन बुडाली."

गजाला ते पटलं. पुढे खालापुरात खेळ लागला, तेव्हा पडदा पांढरा होताच तो उभा राहून पळसदरीच्या बाईनं ओळखलंय म्हणून हेच सांगू लागला. एरवी पडदा पांढरा झाला की आरडाओरडा करणारे लोक आता ऐकत बसायचे.

आठवड्यानं खालापूरहून भागूबाईचा भाऊ सदू आला. "आक्का, तुजी गोष्ट आमच्यातल्या अंबाबाईला पटली नाय. भर खेळात उठून म्हनाली, ज्या सासूनं पोर वर घेतलं, तिनं सुनंला हात का नाय दिला?"

भागूबाईच्या हातातलं सूप थांबलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सदू, खेळ कदीपर्यंत हाय तिथं?"

"उद्याचा शेवटला."

पहाटेच भाकरी बांधून ती भावाबरोबर चालत निघाली. दुपारी खेळाला आलेल्या अंबाबाईला शोधून तिच्या पोत्याच्या कडेला टेकली.

"पळसदरीची मीच," ती म्हणाली. "आता तुमी सासूकडं बगा. मी पोराकडं बगते."

अंबाबाईनं सरकून जागा केली.