खडीवरचं गाणं

मी ठाण्यात रायटर होतो. म्हणजे चोर इतरांनी पकडायचे आणि कागद मी रंगवायचे. माझं अक्षर इतकं सुबक, की आरोपीसुद्धा स्वतःचा जबाब पाहून क्षणभर खूश व्हायचे. अश्लील बोलण्याच्या फिर्यादींत मी पंधरा वर्षं एकच वाक्य लिहीत आलो होतो: 'आरोपीने बीभत्स व अश्लील शब्द उच्चारले.' त्या वाक्याबद्दल कधी कुणी ब्र काढला नव्हता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र ते अडकलं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावांतल्या विहिरी कोरड्या आणि औरंगाबाद मात्र चहूबाजूंनी वाढत होतं. क्रांती चौकाच्या पुढं नव्या वसाहतीचे रस्ते आखले होते आणि त्यांच्यासाठी दुष्काळी कामावर आलेल्या बायका उन्हात खडी फोडत होत्या. त्या वर्षी लग्नं जवळजवळ झालीच नाहीत. त्यामुळे मांडवात बायकांनी म्हणायची, समोरच्या पक्षाची अब्रू काढणारी गाणी पोटात तशीच राहिली होती. ती खडीवर बाहेर पडली. या गाण्यांत व्याह्याच्या नावासाठी एक जागा मोकळी असते. ज्याची खोड काढायची त्याचं नाव तिथं घालायचं. गाणी सुरू झाली की पुरुषांनी मांडवातून उठून जायचं, अशी रीत आहे. ते जातातही, पण फार लांब कुणी जात नाही.

खडीवर व्याही कुठला? बायकांनी हजेरी कारकुनाचं नाव घातलं. रामकिसन त्याचं नाव. बिडकीनकडच्या शेतकरी घरातला, नवा नवा सरकारी नोकर, अंगात टेरिलीनचा शर्ट, राहायला सरकारी खोल्या आणि खोलीत नळ. नळाला पाणी नव्हतं ही गोष्ट वेगळी. गाण्याच्या पहिल्या दोन ओळी सांगायला हरकत नाही:

आला गं रामकिसन आला, फेटा बांधून आला,
फेटा ठेवला खुंटीवर अन् धोतर शोधीत गेला.

पुढच्या ओळी मी सांगणार नाही. गाणं पुढं होऊन म्हणणारी द्वारकाबाई. रामकिसननं तिचं नाव हजेरीपटावरून उडवलं आणि तडक ठाण्यात येऊन फिर्याद दिली. द्वारकाबाईचा नवरा बैल घेऊन गुरांच्या छावणीवर होता. घरात दोन पोरी आणि ती. तिच्या कामावरच चूल पेटत होती, आणि खटला निकाली निघेपर्यंत नाव पुन्हा चढणार नाही असं रामकिसननं मला तोंडावर सांगितलं. मला तेव्हाच त्याचा राग आला. पण रायटरच्या रागाला रकाना नसतो.

मी माझं नेहमीचं वाक्य लिहून कागद कोर्टात पाठवले. ते आठवड्यात परत आले. नवे न्यायाधीश तरुण होते, आणि तरुण माणसं कागद वाचतात. त्यांनी लिहिलं होतं की अश्लील म्हणजे काय ते न्यायालय ठरवील, पोलिसांनी नेमके शब्द द्यावेत. कलम २९४ ला दोन पाय होते. गाणं अश्लील असलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला त्याचा त्रास झाला पाहिजे. त्रासाची चिंता नव्हती, रामकिसन तो रोज येऊन दाखवत होता. शब्दांचीच बोंब होती. आमच्या फौजदारसाहेबांनी मला हाक मारली आणि ओळ न् ओळ घेऊन या म्हणून धाडलं.

आधी रामकिसनला विचारलं. तो म्हणाला, असले शब्द त्याच्या तोंडून निघणार नाहीत. मग द्वारकाबाईकडं गेलो. ती पदर सावरून उभी राहिली आणि जमिनीकडं पाहू लागली. पुरुषांपुढं, त्यातून बामणापुढं, हे गाणं म्हटलं तर जीभ झडंल म्हणाली. मी तिला सांगितलं, की शब्द मिळाले नाहीत तर खटला लोंबकळत राहील आणि तिचं काम गेलं ते गेलंच. तेव्हा ती रडकुंडीला आली.

"मला तीनच कडवी येतात, साहेब," ती म्हणाली. "पैठणला माझी आत्या हाय, तिच्याकडून शिकले. ती म्हातारी हाय, तिला लाज नाय."

एसटीनं पैठणला गेलो. आत्या धरणाच्या कामावर जाणाऱ्यांना चहा विकत होती. लाज नव्हती हे खरं, पण स्मरणशक्तीही नव्हती. दोन कडवी म्हणून ती अडखळली, आणि चहाच्या गिऱ्हाइकांनी बशा खाली ठेवल्या तेव्हा तिनं मला हाकललंच. जाता जाता एवढं सांगितलं, की गाण्याची खरी मालकीण बिडकीनची भागूबाई. पंचक्रोशीत तिच्याशिवाय मांडव रंगत नसे. पाच कडवी रचली ती तिनंच. आता मात्र ती शहरात लेकाजवळ असते, सरकारी खोल्यांत. लेक कुठंतरी कारकून आहे.

बिडकीनकडचा, सरकारी खोल्यांत राहणारा कारकून मला एकच माहीत होता. परतीच्या एसटीत मी इतका हसलो, की शेजारच्या बाईनं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रामकिसनच्या खोलीवर गेलो. तो कामावर होता. दार भागूबाईनं उघडलं. वाळलेली, ठेंगणी, डोळे अधू, पण आवाज खणखणीत. लेकानं घरी काही सांगितलं नव्हतं. मी केशव, ठाण्यातून आलोय, तुमचं व्याह्याचं गाणं लिहून घ्यायचंय, असं म्हणताच ती समोर मांडी घालूनच बसली.

"सरकारला पाहिजे व्हय माझं गाणं?" ती म्हणाली. "दोन वर्सं झाली या खोलीत, कुणी इचारलं नाय. इथल्या लग्नांत भोंगा लावत्यात."

आणि तिनं सुरुवात केली. नावाच्या जागी कुणाचं नाव घालू, असं मला विचारलं. मी घाबरून काहीही चालेल म्हणालो, तर तिनं खुशाल माझंच 'केशव' घातलं. मी मान खाली घालून लिहीत होतो. कान तापले होते. पंधरा वर्षं मी ज्याला नुसतं 'अश्लील' म्हणत होतो त्याला इतकी नेटकी चाल आणि इतकी खोडकर बुद्धी असते, हे मला ठाऊक नव्हतं. चौथं कडवं चालू असताना दारात सावली पडली. रामकिसन उभा होता. माझ्या हातातला कागद त्यानं पाहिला आणि पांढराफटक पडला. भागूबाई थांबली नाही. कडवं पुरं करूनच मला म्हणाली,

"हा असाच दारात यायचा. लहानपणी मांडवात माझ्या मांडीवर असायचा ना. हेच गाणं ऐकत झोपायचा. चौथ्या कडव्याला ह्याचा डोळा मिटायचा. मी मधीच गप झाले की रडून गोंधळ घालायचा."

मी लिहिणं थांबवलं. खरं सांगतो, मला त्याची जिरवायची होती. जबाबाखाली आईचा अंगठा घेऊ का, असं मी मुद्दाम विचारलं. त्यानं मला दंडाला धरून बाहेर नेलं.

"तिचा अंगठा नका घेऊ, केशवराव," तो म्हणाला. मग दारातून आतल्या कोरड्या नळाकडं पाहत पुढं बोलला. "मी वळखलं होतं. पयल्या वळीलाच. टेरिलीन घालून उभा होतो अन् चारचौघीत आईचं गाणं निघालं. मला लाज वाटली. आईची लाज वाटली, हो."

माझा राग तिथल्या तिथं उतरला. माझी आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायची, आणि मी ते ठाण्यात आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात आतून भागूबाईनं विचारलं, की हे गाणं हल्ली म्हणतं तरी कोण. खडीवरच्या बायका म्हणतात, पण त्यांना तीनच कडवी येतात, असं मी सांगितलं. तीनच, असं ती दोनदा पुटपुटली. तिला ते फार लागलं.

त्या संध्याकाळी मी रामकिसनचा पुरवणी जबाब लिहिला. सुबक अक्षरात. 'सदर गाणे फिर्यादीने बालपणी मातोश्रींच्या मांडीवर वारंवार ऐकलेले असून ते ऐकत असता त्यास झोप लागत असे. सबब गाण्यापासून त्रास झाल्याचे दिसून येत नाही.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. गाण्याचा कागद वेगळा होता. तो काळजीपूर्वक तपासायला हवा म्हणून त्यांनी खणात ठेवला. तो काही पुन्हा बाहेर आला नाही. घरी पद्मजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, शब्द विचारले. मी सांगितले नाहीत, तर तिनं तीन दिवस अबोला धरला.

खटला निकाली निघाला आणि द्वारकाबाईचं नाव पटावर चढलं. त्या सकाळी मी खडीच्या कामावर सहज चक्कर टाकली. सहज म्हणजे, मुद्दामच. रामकिसन आईला हाताला धरून घेऊन आला आणि खडीच्या ढिगाआड सावलीत त्यानं तिला बसवलं. त्याला पाहताच बायकांचं गाणं बंद पडलं, हातोडे तेवढे चालू राहिले.

"थांबलात कशाला?" भागूबाईनं विचारलं. "नाव कुणाचं घालता?"

सगळ्यांनी द्वारकाबाईकडं पाहिलं. ती हळूच म्हणाली, "तुमच्या लेकाचं."

"मग नीट घाला. त्याचं नाव लांब हाय, जरा वढून म्हणावं लागतं."

रामकिसननं हजेरीपट काखेत मारला आणि पाठ फिरवून तो चालू लागला. पलीकडं एक लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली जाऊन तो आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. त्याच्यापुढं अजून दोन झाडं होती आणि त्यांची सावली याहून दाट होती. तिथवर तो गेला नाही.