आमच्या घरातली कड्याखालची मोजणी

मी वांडाच्या घरचा जाड पाठीचा टीव्ही बोलतोय. वांडानं एकदा नवस केला होता, तिथूनच सुरुवात करतो, कारण माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

तोवर मी अमेरिकेतल्या टोलेडो शहरी त्या घरात अठरा वर्षं एकच काम मन लावून केलं. दुपारी एकच्या ठोक्याला वांडा कॉफीचा मग घेऊन समोर बसायची आणि मी तिची मालिका दाखवायचो. मालिकेतल्या लोकांच्या भांडणांवर ती डोळे पुसायची. घरातल्या भांडणावर मात्र तिला रडूही यायचं नाही, इतकं ते खोल गेलं होतं.

तिचा मुलगा कॅझ आणि मुलगी टेसा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडील गेल्यावर कॅझनं त्यांची मासेमारीची होडी बहिणीला न विचारता विकली. बस, तेवढंच. नाताळच्या जेवणातसुद्धा दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसायची आणि मीठ आईकरवी मागायची.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वांडा घरी आली. हताश माणसांचा कैवारी असलेल्या संत ज्यूडच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून म्हणाली, “माझी लेकरं एकमेकांशी बोलेपर्यंत मी माझी मालिका बघणार नाही.” आणि तिनं माझ्यावर विणलेला रुमाल टाकला. मला वाटलं, संपलं आपलं.

आठवड्यानं कॅझ आला. “आई, हा डबा तू बघत नाहीस ना? आम्हाला असलेच लागतात. नव्या चपट्या टीव्हीवर बटण दाबलं की ठोसा जरा उशिरा पडतो.”

कॅझ मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळायचा. जोडीच्या स्पर्धेतला त्याचा साथीदार गाव सोडून गेला होता.

“टीव्ही ने की,” वांडा म्हणाली, “पण जोडीला टेसा घ्यायची.”

“आई, ती माझं तोंड बघत नाही!”

“तोंड कुठे बघायचंय? दोघांनी याचं तोंड बघा.” आणि तिनं माझ्या डोक्यावर थाप मारली.

आईखातर टेसाही तयार झाली, आणि मी घराच्याच तळघरात गेलो. तिथे त्या दोघांना एक युक्ती सापडली. त्या गेममध्ये साथीदारानं साथीदाराला धरलं की क्षणभर दोघांनाही मार लागत नाही आणि दोघं खालीही पडत नाहीत. मग कॅझच्या गड्यानं टेसाच्या गड्याला धरून कड्याखाली उडी मारायची, आणि तो क्षण संपायच्या आत तिनं सुटून त्याला धरायचं. असं आलटून पालटून. एकदा जरी ठेका चुकला, तरी दोघं दरीत. पण जमलं, तर कुणाचा हात पोचत नाही. वेळ संपला की कमी मार खाल्लेली जोडी जिंकते. म्हणून आधी एक ठोसा मारायचा, मग खाली लपायचं.

ठेका सांभाळायला मोजावं लागायचं. “एक, दोन, सोड. एक, दोन, धर.” वर स्वयंपाकघरात वांडानं ते ऐकलं आणि पिठाच्या हातांनीच क्रूसाची खूण केली. लेकरं बोलायला लागली! शेजारणीला फोनसुद्धा झाला.

स्पर्धा शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात होती. उपासाच्या शुक्रवारी तिथे तळलेल्या माशांचा वास अजून भिंतींत होता. मलाही उचलून तिथे नेलं होतं, आणि उपांत्य सामना माझ्यावर लागला. समोर इंडियानाहून पाच तास ट्रक हाकून आलेला लेरॉय आणि त्याचा मेहुणा.

पहिल्याच मिनिटाला टेसानं एक ठोसा मारला आणि दोघं कड्याखाली गेली. एक, दोन, सोड. घड्याळात अजून सहा मिनिटं होती.

“अरे लढा की!” मागून कुणीतरी ओरडलं.

“बाहेर या रे, आईनं जेवायला बोलावलंय!”

पंच बाईंनी नियमांचा कागद उलटसुलट केला. “एकट्यानं वेळ काढायला बंदी आहे. दोघांनी मिळून काढला तर काय, ते लिहिलेलंच नाही. चालू द्या.”

लेरॉयनं खेळायचा कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि सँडविचचा कागद सोडला. “पोरांनो, आटपलं की उठवा मला.”

वांडा माझ्या बाजूला पिएरोगींचं, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचं, ताट घेऊन उभी होती. मला तिचा चेहरा दिसत होता. आधी अभिमान होता. मग ती कान देऊन ऐकू लागली, आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला. ती दोघं मोजत होती, फक्त मोजत होती.

“कॅझ,” ती हलकेच म्हणाली, “महिनाभर तुम्ही एवढंच बोललात? आकडे संपले की काय बोलणार रे?”

टेसाचं बोट थांबलं. दोन्ही गडी दरीत पडले.

“काय केलंस हे!” कॅझ ओरडला.

“होडी विकलीस,” टेसा म्हणाली. नजर माझ्यावरच होती. “एकदा विचारायचं होतंस.”

गेममधला एक जीव गेला होता, पण गडी पुन्हा कड्यावर उभे राहिले, सामना चालूच होता. कॅझची बोटं आपोआप चालत होती.

“बाबा शेवटचे तिच्यात बसले होते,” तो म्हणाला. “रोज अंगणात दिसायची. मला नाही बघवायचं.”

“मला बघायची होती रे.”

“मग सांगायचंस ना!”

“तू विचारलंस कुठे?”

लेरॉय तोंडात घास धरून घाईघाईनं खेळायला लागला. या वेळी दोघं लपली नाहीत. भांडत, नाक ओढत, समोरासमोर लढली, आणि अकरा सेकंद उरलेले असताना हरली. लेरॉयनं कॅझच्या पाठीवर थाप मारली आणि टेसासमोर कागदी रुमाल ठेवला. पंच बाईंनी पुढचा सामना दुसऱ्या टीव्हीवर नेला. बहीणभाऊ माझ्यासमोर तशीच बसून होती, बोलत.

आता मी कायमचा त्या सभागृहातच असतो. डाव्या कोपऱ्यात माझे रंग हिरवट पडलेत, तापायलाही वेळ लागतो. वांडाचं व्रत सुटलं, पण तिनं मला परत नेलं नाही. म्हणते, “राहू दे, कुणाला तरी लागेल.”

बाई, दादा, माझे दिवस थोडे उरलेत, म्हणून मागतो. तुमच्या घरातही दोन माणसं कामापुरतंच बोलत असतील. त्यांच्यासाठी तुमची आवडीची एक गोष्ट आजपासून बाजूला ठेवा, ती दोघं मनातलं बोलेपर्यंत. आणि तोवर नुसत्या आवाजावर समाधान मानू नका. जवळ जाऊन ऐका.