दोरीची भिंत

स्थपती कुरामोची-सान यांनी नव्या घराचा विचार समजावून सांगितला, तेव्हा तो वनिताला गोडच वाटला होता. मधोमध उघडं अंगण, आणि प्रत्येक खोलीचं दार फक्त त्या अंगणात. आतल्या आत कुणाला कुणाकडे जाता यायचं नाही. आभाळाखालून चालत गेलं, की भेटीला मोल येतं, असा त्यांचा सिद्धांत. देवापाशी जायचं तर सभामंडप ओलांडावा लागतोच की, असं ती नवऱ्याला, तादाशीला, कौतुकाने सांगे.

काळजी होती ती सासूबाईंची. त्यांना अलीकडे विसर पडे. आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं, की त्या घाबरून वनिताला हाका मारीत. तिचा हात हाती आला, की शांत होत.

पाया खणण्याआधी घरच्यांनी ते घर जमिनीवर जगून पाहावं, ही कुरामोचींची रीत. ब्याण्णवच्या मार्चमध्ये ग्योतोकु उपनगरातल्या मोकळ्या प्लॉटवर त्यांनी खुंट्या ठोकून खऱ्या मापाने दोऱ्या ताणल्या. दोरी म्हणजे भिंत, फट म्हणजे दार. सासूबाई आपल्या खोलीत खुर्चीवर बसल्या. शेजारची खोली वनिताची, मध्ये गुडघ्याएवढी दोरी.

एकाएकी वारा सुटला. सासूबाई दचकून उठल्या आणि हाका मारत वनिताकडे निघाल्या. ती हातभर अंतरावर होती. पण तिचे पाय वळले ते दाराकडे. फटीतून ती अंगणात गेली, वळसा घालून त्यांच्या दाराशी पोचली. तोवर त्या दोरीत अडकून तोंडावर पडल्या होत्या.

कुरामोची-सान धावत आले, वाकून वाकून क्षमा मागू लागले. पण त्यांचा चेहरा कुठेतरी उजळला होता. भिंत नसताना तुम्हाला भिंत जाणवली, असं ते हळूच बोलूनही गेले.

सासूबाईंच्या कपाळावर रुमाल दाबून धरत वनिताने तादाशीला विनवलं, दोन खोल्यांच्या मध्ये एक दार ठेवायला सांग. तो बाजूला जाऊन स्थपतीशी बोलून आला. एका दाराने सगळा विचारच मोडेल, असं ते म्हणत होते.

"नाहीतरी आईला कधीतरी वृद्धाश्रमात ठेवावंच लागेल," तो खाली बघत म्हणाला. "घर आपण पुढच्या चाळीस वर्षांसाठी बांधतोय."

"मग त्या नकाशातून माझीही खोली काढ."

 ऑफिसात बोलतो तशा सभ्य आवाजात तादाशीने विचारलं, तिला विचार करायला किती दिवस हवेत.